पेडल मऊ लागतंय

मंगळवारी रात्री जेवता जेवता त्याने ठरवून टाकलं की आता बायकोशी बोलायचं नाही. निमित्त गाडीच्या ब्रेकचं होतं.

"अहो, ब्रेकचं पेडल मऊ लागतंय," ती म्हणाली होती. "फार खोल जातं. कुठून तरी गळत असणार. तुम्ही जरा बघता का?" आणि तो घास गिळून उत्तर देणार, तोच ती पुढे म्हणाली, "नको, राहू द्या. सोमवारी गॅरेजवाल्यालाच घरी बोलावते."

हे 'नको, राहू द्या' त्याच्या फार जिव्हारी लागलं. तो वाहन विम्याच्या कचेरीत कारकून होता. 'ब्रेक लागले नाहीत' असं लिहून आलेल्या अर्जांवर 'कारण पटत नाही' असा शेरा मारण्यात त्याचे केस पिकले होते. (गाडीचं ज्ञान म्हणतात ते आणखी काय असतं?)

"गाडीला काहीएक झालेलं नाही," तो म्हणाला. "तुझा पाय जड आहे."

यावर चांगलं तासभराचं भांडण व्हायला हवं होतं. ती "बरं" म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. आता 'बरं'शी कोण कसं भांडणार? म्हणून अबोला.

अबोला तसा उत्तम चालला होता. ती काही विचारायची, तो नुसती मान हलवायचा. मीठ हवं असलं की आईला खूण करायचा, आई सुनेला सांगायची. बायको रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची. त्या आठवड्यात तिने गाडी घरी ठेवली, बसने गेली, आणि संध्याकाळी परत आली की स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत बसायची. आतून किती पोळली असेल बिचारी, असं त्याला वाटायचं. पण तो बधला नाही.

शनिवारी ती कामावर गेल्यावर त्याने गाडी बाहेर काढली. दोन चकरा मारायच्या, ब्रेक ठणठणीत असल्याची खात्री करायची आणि सोमवारी गॅरेजवाल्यासमोर छाती पुढे काढून उभं राहायचं, एवढाच साधा बेत होता. फाटकापाशी त्याने पेडल दाबलं. ते निमूटपणे खाली गेलं आणि खालीच राहिलं. गाडी मोठ्या कुंडीला टेकून थांबली. (थांबली, हे महत्त्वाचं.)

बॉनेट उघडून पाहिलं तर डबीतल्या ब्रेक ऑइलने तळ गाठलेला. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू तेलकट, ओली. त्याने जॅक लावून चाक काढलं, मग त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढला. आत ब्रेक रेटणारा छोटा सिलिंडर असतो, त्याचं रबर गेलं होतं आणि ऑइल तिथून झिरपत होतं. म्हणजे तिचंच खरं होतं. याच गाडीतून ती मंगळवारपर्यंत रोज कामाला गेली, उतार उतरली, हे त्याच्या मनात आलं. तो काढलेल्या चाकाशेजारी जमिनीवरच बसून राहिला. मग दुसरा विचार आला, की सोमवारी हे तिला कळणार! त्यासरशी तो उठला.

संध्याकाळी ती परतायच्या आत त्याने नवा सिलिंडर आणला आणि चाक तात्पुरतं परत चढवून ठेवलं. रविवारी सकाळी बायको बाजारात गेल्याबरोबर तो बसवलासुद्धा. (एकदा उलटा, पण ते सोडा.) राहिली फक्त नळीत शिरलेली हवा. ती काढायला एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू सैल करायचा. म्हणजे माणसं दोन हवीत. घरात बोलण्यातलं माणूस एकच होतं.

"आई, इथे बस. मी 'दाब' म्हटलं की दाबायचं."

"किती वेळ?"

"मी 'सोड' म्हणेपर्यंत."

तो चाकामागे आडवा झाला. "दाब!" म्हणाला. स्क्रू सैल केला. ऑइल आलं, बुडबुडे आले, आणि सगळे पुन्हा आत गेले.

"आई, सोडलंस का?"

"तू कण्हलास ना, म्हणून सोडलं."

शिवाय आईचा आवाज त्याच्यापर्यंत धड पोचेना. मग ठरलं, दाबलं की एक हॉर्न, सोडलं की दोन. थोड्या वेळात अर्धी गल्ली गॅलरीत उभी होती. मधेच तीन हॉर्न वाजले.

"तीन कशाचे?"

"समोरच्या बाईंना हाक मारली!"

त्याने डोळे मिटून घेतले. मग मात्र काम एकाएकी सुरळीत झालं. "दाब!" एक हॉर्न. "सोड!" दोन हॉर्न. ना घाई, ना उशीर. बुडबुडे कमी होत गेले, निव्वळ ऑइल येऊ लागलं. त्याला आईबद्दल भरून आलं.

"आई, तुला म्हणून सांगतो," तो स्क्रू आवळत म्हणाला, "गाडी खरंच गळत होती. सूनबाई तुझी बरोबर होती. तिला काही झालं असतं तर मी काय केलं असतं गं? पण तिला सांगू नकोस हं."

दोन हॉर्न.

तो कपडे झटकत उठला. ड्रायव्हरच्या जागेवर बायको बसली होती. मांडीवर भाजीची पिशवी.

"आई दूध बघायला गेल्या," ती म्हणाली. पेडल दाबून पाहिलं. "छान कडक झालंय. गळत होतं हे मला मंगळवारीच माहीत होतं. पण अहो, तुमचा आवाज सुटला की! मला केवढी काळजी लागली होती. घसा इतका बसला, आणि एका शब्दाने सांगितलं नाहीत. परवाची डॉक्टरांची वेळ घेतलीये मी."

घसा बसलेला नाही हे सांगायचं, तर इतके दिवस आपला अबोला चालू होता हेही सांगावं लागलं असतं. म्हणून तो मुकाट्याने गेला.

डॉक्टरांनी बॅटरी घेऊन घसा पाहिला. जीभ बाहेर काढायला लावली, 'आ' करायला लावलं. "विशेष काही नाही," ते म्हणाले. "थोडा ताण दिसतोय. आठवडाभर अजिबात बोलू नका."

"छे हो डॉक्टर," बायको म्हणाली, "आठवडाभर गप्प बसणं यांना कुठलं जमतंय!"