समेलमास्तरांचा लांबट चेंडू

समेलमास्तर माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघत. आधी पाय, मग खांदे, मग मान. आणि एवढं पसंत पडलं तरच तोंड. मी खांडबारा स्टेशनावर तारबाबू म्हणून नवा आलो, तेव्हा त्यांनी पायांपासून सुरुवात केली आणि गुडघ्यांपाशीच थांबले. "बाबू, तुम्ही तारच ठोका," म्हणाले आणि निघून गेले. आमची ओळख झाली ती अशी.

खरं नाव शमुवेल. गावाने त्याचं समेल केलं. नवापूरकडच्या डोंगरातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा हा मुलगा इथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होता. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत आणि रागावले की बाजारातली अहिराणी. पण न रागावलेले मास्तर मी फारसे पाहिलेच नाहीत. "हाऊ अन्याय शे," हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली, अन्याय. गाडी उशिरा आली, अन्याय. गाडी वेळेवर आली आणि त्यांची चुकली, तर तो माझ्याकडून झालेला अन्याय.

बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली. मूलबाळ नव्हतं. घरात एक बाज, एक बायबल आणि खुंटीला जाळीत टांगलेला एक चेंडू. हा चेंडू गोल नव्हता. दोन्हीकडे निमुळता, पिकलेल्या पपईसारखा लांबट. मास्तर तरुण असताना एका अमेरिकन पाद्र्याने तो आणला होता. आमच्या मुलखात याला फुटबॉल म्हणतात, असं सांगून त्याने मास्तरांना खेळ शिकवला. चेंडू काखेत मारायचा आणि पळायचं. समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवा पाडायचा. पाद्री मायदेशी परत गेला. चेंडू मागे राहिला आणि मास्तरांनी जन्माचं व्रत घेतलं.

शनिवारी दुपारी स्टेशनामागच्या पडीक माळावर सराव चाले. खेळाडू म्हणजे लाकडाच्या वखारीतले हमाल आणि रुळांवर काम करणारे गँगमन. मास्तर धोतर खोचून कडेला उभे राहत आणि घसा फाटेपर्यंत ओरडत. "रेवजी, तुन्हा पाय शेतस का सागना खांब?" रेवजी हा वखारीतला सगळ्यात चपळ गडी, म्हणून सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच. तो हसत हसत पळे. दहा वर्षं हे चाललं. गंमत अशी, की उभ्या खानदेशात हा खेळ जाणणारा दुसरा संघच नव्हता. आपसात खेळून किती खेळणार? मास्तरांना याचाही राग होता. "बाकीना लोके शिकतस का नहीत?" असं मला विचारत, जणू मीच शाळा बंद केल्या होत्या.

अशात एका आषाढात नंदुरबारहून छापील पत्रक आलं. फुटबॉलचे सामने, अकरा गडी, सर्व संघांना खुले. मास्तरांनी ते चारदा वाचलं आणि माझ्याकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. अर्ज मंजूर झाला. सकाळच्या गाडीने अकरा गडी, मास्तर, मी आणि जाळीतला चेंडू, असे आम्ही नंदुरबारला गेलो.

मैदानात गोल चेंडू आला. मास्तरांनी तो हातात घेऊन फिरवला आणि सामन्यांच्या सेक्रेटरीला, एका वकिलाला, गंभीरपणे म्हणाले, "हाऊ सुजेल शे." चेंडूला सूज आलीय हे ऐकून लोक पोट धरून हसले. हाताने चेंडू शिवायचा नाही, हा नियमही त्यांना तिथेच कळला. दुसरा कोणी घरी परतला असता. मास्तरांनी पाव तास मागून घेतला आणि सगळ्यांना हात पाठीमागे बांधून पळायला सांगितलं.

आमचे गडी अनवाणी, चिखलात, पाठीवर हात धरून पळाले. पहिल्या अर्ध्यात रेवजीने गोल केला. त्यानंतर हसू थांबलं. दोन दांडगे खेळाडू त्याच्या अंगावर आले, तो खांद्यावर पडला आणि उठलाच नाही. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. तरी दहा जणांनी शेवटपर्यंत गोल होऊ दिला नाही. आम्ही जिंकलो.

मग वकीलसाहेब वही घेऊन आले. "कुठल्या क्लबचे तुम्ही?"

"वखारना," मास्तर म्हणाले.

हमाल-मजुरांसाठी हे सामने नाहीत, म्हणून आमचं नाव काढून टाकलं, असं वकिलांनी शांतपणे सांगितलं. मास्तरांनी खिशातून पत्रक काढलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "सर्व संघांना खुले. कोठे लिखेल शे मजूर नको?"

"मास्तर, अशा गोष्टी समजून घ्यायच्या असतात."

"मंग लिखा ना तसं. मी अक्षरे शिकाडस. लिखेल ऱ्हास तेच पोरेसले वाचाले सांगस."

वकील पाठ फिरवून गेले. रेवजीसाठी कुणी टांगासुद्धा बोलावला नाही. आम्ही त्याला बाकावर निजवून स्टेशनापर्यंत उचलून नेलं. इतकी वर्षं झाली, तो वकील आठवला की अजून माझं डोकं तापतं.

त्यानंतर दोन शनिवार माळ रिकामा राहिला. शाळेत चौकशी केली तर मास्तर रजेवर. सुट्टीच्या दिवशी मी रेवजीची विचारपूस करायला त्याच्या पाड्यावर गेलो. लावणीचे दिवस होते. घरी म्हातारी आई, बायकोचे दिवस भरत आलेले आणि कर्ता गडी गळ्यात झोळी बांधून बसलेला. खाचरात मात्र कोणीतरी गुडघाभर चिखलात वाकून भात लावत होतं.

"मास्तर, तुम्ही इथे?"

त्यांनी मान वर केली नाही. "त्याले पय असं मीच सांगं ना," एवढंच म्हणाले. रेवजीला पळायला लावणारे तेच होते.

बांधावर बसलेल्या रेवजीने डोळे बारीक करून खाचराकडे पाहिलं. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "तठली ओळ वाकडी जाई ऱ्हायनी."

ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा शब्द ऐकून घेतला नव्हता, तो थबकला. मग मागे सरकला, लावलेली रोपं एकेक करून उपटली आणि पुन्हा सरळ लावायला लागला.