चमकीवरची चिकटपट्टी

आमच्या आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेत पुढच्या सीटवर बसायचं असेल, तर आधी नाकातल्या चमकीवर चिकटपट्टी लावावी लागते. जखमेवर लावतो तीच, नखाएवढी कापलेली. ड्रायव्हर सत्तारभाऊ असे तुकडे खिशातल्या डबीत ठेवतात आणि चावी फिरवण्याआधी एक काढून पुढे करतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, "माझ्या नाकाला काय झालंय?"

"नाकाले काई नाई झालं. चमकते, बाई."

चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं केंद्र. मी तिथे नर्स. माहेर चिमूरचं, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे घरचेच सांगतात. नाकाला पट्टी लावलेली नर्स बघून गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि तो राग मी सत्तारभाऊंवर काढायची. ते ऐकून घ्यायचे आणि पट्टी पुढे करायचे.

सत्तारभाऊ म्हणजे पन्नाशीचा, उंचापुरा, भरघोस मिशांचा माणूस. बघणाऱ्याला वाटावं, हा वाघाशीही दोन हात करील. पण इतका भित्रा माणूस दोन जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. पुलाचं भेव, उताराचं भेव, रस्त्यात बसलेल्या म्हशीचं भेव. "भेव लागते" हे ते "भूक लागली" म्हणावं इतक्या सहज सांगतात. आणि सगळ्यात मोठं भेव स्वतःच्याच गाडीच्या दिव्याचं.

लाल-निळा दिवा पूर्वी टपावर होता. पण आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी बांबू वाकलेला. त्याने तो तीनदा फोडला. मग वर्कशॉपवाल्यांनी नवा दिवा गाडीच्या आतच, समोरच्या काचेमागे बसवून दिला. दिवा फुटायचा थांबला आणि सत्तारभाऊंची झोप उडाली. कारण त्याचा निम्मा उजेड रस्त्यावर पडायचा आणि निम्मा काचेवरून उलटा डोळ्यांत यायचा. अंधारात काचेत रस्ता दिसेचना. दिसायचे ते लाल सत्तारभाऊ, मग निळे सत्तारभाऊ.

"मग दिवा बंद करा की," मी म्हटलं.

"बंद केला तं सामनेचा ट्रक साइड देत नाई. चालू ठेवला तं मले रस्ता दिसत नाई, माहंच तोंड दिसते. एखादा मानूस मधात आला तं मी त्याच्या अंगावर गाडी घालीन, अन् मले समजनारबी नाई." मी हसले.

त्यांचे वडील राजुऱ्यात जीपच्या गाद्या शिवायचे. ती शिलाई सत्तारभाऊंच्या हातात होती. त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा एक टोप शिवला. दिव्याची पाठ आणि बाजू झाकलेली, तोंड काचेला घट्ट टेकलेलं, म्हणजे उजेड जाईल तो फक्त पुढे. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण सत्तारभाऊंना डॅशबोर्ड चमकताना दिसला. त्याला काळा रंग दिला, तर तो रंगच चमकला. मग बाजारातले सगळे काळे रंग बघून झाले. "काळा दिसते, पन काळा नसते," असं दुकानदाराच्या तोंडावर सांगून ते परत यायचे. शेवटी शाळेच्या फळ्याला देतात तो रंग पसंत पडला. झालं! आमचा डॅशबोर्ड म्हणजे फळाच झाला. माझ्याबरोबरची नर्स वनिता त्यावर खडूने औषधांची यादी लिहू लागली.

टोप नीट बसला की नाही हे बघायला अंधार हवा आणि अंधारात विनाकारण बाहेर पडायचं भेव. म्हणून सत्तारभाऊ भरदुपारी अंधार तयार करायचे. गाडीच्या पत्र्याच्या शेडची एकेक फट पोत्यांनी बुजवायची, दाराला ताडपत्री लावायची, आत दिवा सुरू करून बसायचं. समोरचा पत्रा चमकला म्हणून त्यालाही चुलीची काजळी फासली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बंद पत्र्याच्या शेडमध्ये माणूस वांग्यासारखा भाजून निघतो. एकदा मी ताडपत्री वर करून बघते, तर हे महाशय मागे स्ट्रेचरवर उताणे, छताकडे डोळे लावून पडलेले!

"झोपा काढता का सरकारी गाडीत?"

"नाई बाई. इथूनबी पाहा लागते."

इथून काय बघायचंय, हे मी विचारलं नाही. महिन्याच्या मीटिंगला मात्र जिल्ह्याहून गाड्यांचे साहेब आले, तेव्हा मला राहवलं नाही. चमकीवरची पट्टी, फळा, काजळी, स्ट्रेचरवरची झोप, सगळं मी साभिनय सांगितलं. अख्खी खोली हसली. सत्तारभाऊ दाराशी उभे होते, तेही ओशाळून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी जाऊन गाडी पाहिली. सरकारी गाडीत परस्पर केलेले बदल दोन दिवसांत काढा, पुन्हा दिसले तर नोकरी जाईल, असा हुकूम सोडून गेले.

चारचौघांना हसवण्यासाठी बोलले होते मी. दोन दिवस सत्तारभाऊ डॅशबोर्डचा रंग खरवडत होते. मला दोष दिला नाही. फक्त म्हणाले, "आता मोहफुलाचा सीजन सुरू झाला, बाई. लोकं झुंजुरकाच, अंधार असतानीच रस्त्यावर येतात. मले लय भेव लागून राह्यलं."

तेव्हा मला सातवा महिना सुरू होता. नवरा नागपूरला नोकरीला. आणि टोप निघाल्याच्या तिसऱ्याच दिवशी, पहाटे मी जागी झाले ती ओल्या अंथरुणात. हात लावून पाहिलं तर रक्त. वेदना नाही, नुसतं रक्त. शंभर बायकांना "घाबरू नका" सांगणारी मी, भिंत बडवून शेजारच्या खोलीतल्या वनिताला उठवत होते. याचा अर्थ काय असतो हे मला पुस्तकासकट पाठ होतं आणि म्हणूनच मी जास्त घाबरले होते.

गडचिरोलीपर्यंत पोचलो तर मूल वाचणार, आणि कदाचित मीही. सत्तारभाऊंनी मला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. वनिता हात धरून बसली. गाडी निघाली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीचं छत पाहिलं.

छत लाल होत होतं, निळं होत होतं, लाल होत होतं. डोळे मिटले तर पापण्यांतून लाल. वनिताचा चेहरा लाल, सलाइनची बाटली लाल, आणि मला प्रत्येक वेळी वाटे, हे माझंच रक्त आहे, सगळीकडे उडालंय. पोटातलं मूल हलतंय का ते बघायला मी मन एकाग्र करायची आणि दिवा ते मोडायचा. इतक्या बायकांना मी इथे झोपवून नेलं होतं. वर काय दिसतं, ते एकीलाही विचारलं नव्हतं.

मध्येच गाडी थांबली.

"काय झालं?" वनिता ओरडली.

"धूर हाय!" सत्तारभाऊंचा आवाज चिरकला होता. मोहफुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला जाळतात, त्याचा धूर रस्त्यावर उतरला होता. "सामने काईच दिसत नाई. माहंच तोंड दिसते!"

ते खाली वाकले. सीटखालून काहीतरी ओढून काढल्याचा आवाज आला. मग दिव्यापाशी खुडबुड, आणि एकाएकी छत विझलं. काळंभोर, शांत छत. टोप त्यांनी फेकला नव्हता.

"सत्तारभाऊ, साहेब नोकरी घेतील तुमची," मी कशीबशी म्हटलं.

"घेऊ द्या." गाडी हलली. पंचवीसेक पावलांवर पुन्हा करकचून ब्रेक. वनितानं खिडकीतून पाहिलं. धुरात, रस्त्याच्या अगदी मधोमध, दोन बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या आणि आम्ही पुढे गेलो. मग गडचिरोलीपर्यंत तो भित्रा माणूस दर थोड्या वेळानं, मान न वळवता विचारत राहिला, "बाई, वर दिसते का?"

"नाही दिसत," मी सांगायची. मी जागी आहे, हे त्यांना त्यातून कळत होतं. आणि मलाही.

मुलगी झाली. मूठभर होती, काचेच्या पेटीत महिनाभर राहिली, पण राहिली. तिथूनच मी साहेबांना पत्र लिहिलं, की मीटिंगमध्ये मी केली ती थट्टा होती आणि स्ट्रेचरवरून मी पाहिलं ते हे असं होतं. पंधरा दिवसांनी साहेब स्वतः शेडमध्ये, पोत्यांनी फटी बुजवून, घामाघूम होऊन बसले. सत्तारभाऊंनी त्यांच्या घड्याळावरही पट्टी लावली म्हणतात. टोपाला परवानगी मिळाली.

मुलीला घेऊन परत आले, तेव्हा दुपारची वेळ होती. शेडला ताडपत्री लावलेली. मी आपणहून चमकीवर पट्टी लावली आणि आत गेले. सत्तारभाऊ स्ट्रेचरवर पडलेले होते. मी बाजूच्या बाकावर बसले, मुलीला मांडीवर घेतलं. वर पाहिलं तर गडद अंधार.

"तुम्ही यायच्या आदी, याच गाडीत माही अम्मा नेली," ते अंधारात म्हणाले. "नवीन दिवा लागला होता. तिले वर लाल-लाल दिसे. सारखी विचारे, सत्तार, घर जळून राह्यलं का रे? मी सामने गाडी चालवून राह्यलो होतो. मांगं पाहू शकलो नाई. तशीच भेत भेत गेली."

मुलगी मांडीत झोपून गेली होती. पुढे टोपाखाली दिवा चालू होता, त्याची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

सत्तारभाऊ हळूच पुन्हा बोलले. मला वाटलं मला विचारतायत, म्हणून मी "नाही दिसत" म्हणायला तोंड उघडलं. पण ते माझ्याशी बोलत नव्हते.

"आता नाई दिसत, अम्मा," ते म्हणत होते. "पाह्य, आता काईच नाई दिसत."