सातेनिकचं विरजण

सातेनिकला जाऊन चाळीस दिवस झाले, आणि त्याच रविवारी घरात दुसरा मृत्यू झाल्याचं उघडकीस आलं.

मेहुणी वार्तुश दूध कोमट करून बसली होती. "भाऊजी, विरजणाचं भांडं कुठंय?"

"घासून ठेवलंय," सेद्राक छाती फुगवून म्हणाला. बायकोमागे घर कसं लख्ख ठेवता येतं, हे त्याला जगाला दाखवायचं होतं. "साबणाने. वर उकळतं पाणीही ओतलं."

वार्तुशने चमचा खाली ठेवला. "म्हणजे अंघोळ घालून पोचवलंत त्याला."

तिने गल्लीतलं घर न् घर पालथं घातलं. सगळीकडे एकच उत्तर: "आमचं बिघडलं की आम्ही सातेनिककडूनच आणायचो." अख्ख्या गोख्त गावाचं दही एका बाईच्या भांड्यावर चाललं होतं, आणि ते भांडं एका निवृत्त बसड्रायव्हरने विसळलं होतं.

दुकानात दही मिळत नव्हतं असं नाही. पण हे विरजण सातेनिक लग्नात माहेराहून मांडीवर घेऊन आली होती. तेव्हापासून रोज त्यातलं चमचाभर बाजूला काढायची, दुसऱ्या दिवसासाठी. घरात तिच्या हातचं, जिवंत असं, तेवढंच उरलं होतं. सेद्राकला हे भांडं पालथं घातल्यावर कळलं.

मूळ विरजण आता एकाच ठिकाणी असणार होतं. अझदाहाक डोंगराच्या माथ्यावर जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात तळं आहे. त्याच्या खाली, कुरणात, सातेनिकची शोगेर मावशी उन्हाळाभर गुरं घेऊन तंबूत राहते. सातेनिक दरवर्षी म्हणायची, "चल, तळं दाखवते." सेद्राक म्हणायचा, "डोंगर काय पळून जातोय?"

"मी आणतो विरजण," तो आता म्हणाला. "जन्मभर घाटात बस चालवलीय. मला डोंगर नवा नाही."

"भाऊजी, बसला इंजिन होतं."

वार्तुशने आपल्या जावयाची भलीमोठी सॅक आणली. सेद्राकने तंबू भरला, घोंगडी भरली, बिडाचा तवा भरला. वर वार्तुशने कलिंगड कोंबलं.

"हे कशाला?"

"मावशीकडे रिकाम्या हाताने जाणार? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते माहीत नाही, पण सेद्राकचे गुडघे पहिल्या चढालाच बोलायला लागले. संध्याकाळी त्याने तंबू उभारायला घेतला. काठ्या उरल्या, दोऱ्या कमी पडल्या. शेवटी चीजवर रोटी गुंडाळावी तसा तो तंबू अंगाभोवती गुंडाळून कलिंगडावर डोकं ठेवून झोपला.

सकाळी चढावर बुटाची नाडी बांधायला सॅक टेकवली, आणि कलिंगड निसटलं. ते उड्या मारत खाली निघालं. मागे सेद्राक, सेद्राकच्या मागे मेंढपाळाचे दोन अगडबंब कुत्रे. अशी ही वरात हमाझास्प नावाच्या मेंढपाळाच्या तंबूपाशी थांबली. गवताच्या गंजीत रुतलेलं कलिंगड हमाझास्पने उचललं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"एवढ्या उंचावर आमच्यासाठी कलिंगड? आधी पुढे पाठवून मग स्वतः आलात? पेप्रोने, ताट मांड!" त्याने बायकोला हाक मारली.

आता खरं सांगायची सोय उरली नाही. सातेनिकचा नवरा म्हटल्यावर तुतीची दारू निघाली. गेलेल्या माणसाच्या नावाने, पेल्याला पेला न टेकवता प्यायची. नाही म्हणता येत नाही. सातेनिक याच डोंगरावर वाढलेली, तिच्या आठवणी पुष्कळ होत्या, आणि प्रत्येक आठवणीला एक पेला होता.

मावशीच्या तंबूशी पोचेपर्यंत सूर्य बुडाला.

"सातेनिकचा सेद्राक?" मावशीने कंदील वर धरला. "इतक्या वर्षांनी रस्ता सापडला का? तोही रिकाम्या हाताने?"

"कलिंगड आणलं होतं."

"कुठंय?"

"वाटेत राहिलं. मावशी, थोडं विरजण हवं होतं."

"आत्ता? दिवस मावळल्यावर घरातलं विरजण बाहेर जात नाही. गुरं आटतात."

"हा तर तंबू आहे."

"चूल असते तिथं घर. झोप गप."

सकाळी मावशीने बरणी भरली, लोकरीत गुंडाळली आणि माथ्याकडे बोट दाखवलं. "वर जाऊन तळं बघून ये. सातेनिक तिथं पाय बुडवून बसायची. हाका मारून मारून घसा बसायचा माझा."

सेद्राकने वर पाहिलं. मग बरणीकडे पाहिलं. "ऊन चढलं तर विरजण आंबेल. डोंगर काय पळून जातोय?"

तान्हं पोर न्यावं तशी बरणी कोटाच्या आत धरून तो उतरू लागला. वाटेत हमाझास्प आडवाच उभा होता. कलिंगड कापायचं पाहुण्यासाठी थांबलं होतं. सेद्राकने बरणी सावलीत ठेवली आणि बसला. दुसऱ्या फोडीला त्याला वास आला. दह्याचं गव्हाचं सूप. पुदिना घातलेलं.

"वहिनी," त्याने हळूच विचारलं, "दही कुठलं?"

"तुम्हीच आणलंत की." पेप्रोनेने बरणी त्याच्या हातात दिली. धुतलेली, चीजने भरलेली. "आणलेलं भांडं रिकामं कसं परत करायचं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. पाहुण्याच्या हातात जे दिसेल ते भेटच असतं. त्याच्या घरीही सातेनिकने हेच केलं असतं. सेद्राकने सूप तोंडाला लावलं, आणि चव तीच होती. तो दोन वाडगे प्यायला, आणि पुन्हा डोंगर चढू लागला.

पोचला तेव्हा अर्थातच दिवस मावळला होता.

मावशीने कंदील वर धरला. "आता काय विसरलास?"

"विरजण."

"सकाळी दिलं ते?"

"सूप झालं."

मावशी इतकी हसली की तंबूची दोरी सुटली. "माझी पोरगी या माणसाबरोबर जन्मभर राहिली," ती म्हणाली, आणि डोळे पुसत बसली. मग तिने त्याला अंथरूण घातलं.

सकाळी तिने दोन बरण्या भरल्या. "ही तुझी. ही पेप्रोनेची, म्हणजे ती तुझ्या बरणीला हात लावणार नाही. आणि तळं?"

"आधी हे पोचवतो."

घरी दही लागलं. घट्ट, सुरी घालावी असं. आता गल्लीतल्या बाया वाट्या घेऊन सेद्राककडे येतात, आणि दिवस मावळल्यावर आलेल्या बाईला तो दारातूनच परत पाठवतो.

"एवढं दोनदा वर गेलात," वार्तुशने परवा विचारलं. "तळं कसं आहे हो?"

सेद्राकने सॅक अजून जावयाला परत केलेली नाही. तळं बघायचं राहिलंय.