अर्ध्या सुराचा रिपोर्ट

मानेकाकांनी आमच्या फ्रिजला कान लावला, तेव्हा आम्हाला अबू धाबीच्या खलिफा सिटीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. शनिवारची सकाळ. खालच्या मजल्यावरचे मराठी शेजारी म्हणून मी चहा टाकायला वळले, तर हे गृहस्थ तोवर स्वयंपाकघरात शिरून फ्रिजला चिकटले. हातात मोबाइल, डोळे मिटलेले. माझी लेक सई म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अ फ्रिज." काकांनी तिला बोटानं गप्प केलं.

"आमच्या फ्रिजसारखाच गुणगुणतो," शेवटी ते समाधानानं म्हणाले. "एका रीडिंगवर रिपोर्ट करत नसतात. म्हणून तुमचाही बघितला."

मनात म्हटलं, घर बदलायला अजून उशीर झालेला नाही.

मोहन माने मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग इन्स्पेक्टर आहेत. पाइपचा सांधा नीट जोडलाय की आत हवा राहिलीय, हे तपासणं त्यांचं काम. पस्तीस वर्षं तेच करतायत, आणि आता ते घरीही थांबत नाही. शुभाकाकूंच्या पुरणपोळीलाही "कडेला क्रॅक आहे, पण ॲक्सेप्ट" असा शेरा मिळतो. काकू म्हणतात, "रिजेक्ट करून बघा एकदा, मग सांगते."

या माणसाला नाद एकच. इटलीतला एक जॅझवाला होता, सॅक्सोफोन वाजवायचा. जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची मिळतील तेवढी रेकॉर्डिंग्ज काकांकडे आहेत. इटालियन भाषेचा गंध नाही, जॅझमधलं बाकी कुणी त्यांना ठाऊक नाही. "आमचा माणूस" म्हणतात त्याला, जसा काही तो सांगलीच्या बाजूचा. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा रिपोर्ट. कुठे श्वास घेतला, कुठे कुणी ग्लास पाडला, कुठे मागे कोण खोकलं, सगळं मिनिट-सेकंदासकट. कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून हेच चालतं. एकदा त्यांच्या इजिप्शियन फोरमननं कौतुकानं हेडफोन कानाला लावला आणि लगेच परत दिला. "हबीबी, हे संगीत नाही, हा मुसफ्फाचा ट्रॅफिक आहे." काका त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

तर फ्रिजचं प्रकरण असं. इटलीतली एक छोटी कंपनी या माणसाची एक जुनी, कुणीच न ऐकलेली टेप रेकॉर्ड म्हणून छापणार होती. नमुना म्हणून त्यातली दहा मिनिटं इंटरनेटवर टाकलेली. काकांनी ऐकली आणि जेवणावरून उठले.

"टेप जास्त वेगानं पळवलीय यांनी. अर्धा सूर वर गेलाय. आमचा माणूस इतक्या लवकर श्वास घेत नाही."

आता हे सिद्ध कसं करायचं? त्या टेपमध्ये मागे बारीक घुंऽऽ असा आवाज होता, विजेचा. काकांचं म्हणणं, इटलीची वीज आणि आपली वीज एकाच सुरात घुमते. मग टेपमधली घुं आमच्या फ्रिजपेक्षा वर कशी? "वीज खोटं बोलत नाही," ते म्हणाले. मला कळलं एवढंच, की माझा फ्रिज साक्षीदार झालाय.

त्यांनी पंधरा पानांचा रिपोर्ट केला. कारखान्यात खराब मालावर लिहितात तस्साच, नंबर घालून, सहीशिक्क्यासकट. धाडला इटलीला. दोन आठवडे झाले, महिना झाला, उत्तर नाही. मी म्हटलं, "काका, खलास, सोडून द्या आता. अर्धा सूर कोणाला कळणार आहे?"

एरवी हसतमुख माणूस, पण त्या दिवशी चिडले. "एकदा छापली की संपलं. पुढे जो ऐकेल तो त्याला चुकीचाच ऐकेल. आणि तो सांगायला येणार आहे का, की मी असा नव्हतो म्हणून?"

मग पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. काकू मला हळूच म्हणाल्या, "रात्री कूस बदलत राहतात गं. स्वतःच्या प्रमोशनसाठी कधी एवढं केलं नाही." तिसरं स्मरणपत्र गेलं त्या आठवड्यात मीसुद्धा रोज ऑफिसातून आल्यावर आधी खाली डोकावायला लागले. सोबत राहून वेड लागतं, दुसरं काय.

आणि एक दिवस पार्सल आलं.

काकांनी ते कात्रीनं उघडलं नाही, सुरीच्या टोकानं चिकटपट्टी सोडवत बसले. आत रेकॉर्ड. कव्हरच्या मागे, अगदी खाली, बारीक अक्षरांत: टेपचा वेग दुरुस्त करून दिल्याबद्दल मोहन माने, खलिफा सिटी, अबू धाबी, यांचे आभार. तीनदा वाचलं मी ते. सांगते ना, माझ्या लग्नपत्रिकेवर नाव बघून इतकी छाती फुगली नव्हती. फोटो काढून पाच मिनिटांत सगळ्या ग्रुपवर टाकला. महाराष्ट्र मंडळाचा शाल-श्रीफळाचा निरोप संध्याकाळच्या आत आला. आमच्या बिल्डिंगच्या पठाण वॉचमननंही कव्हर हातात घेऊन बघितलं. इटलीवाल्यांना त्यांचाच माणूस आमच्या माणसानं ऐकवला, ही काय साधी गोष्ट आहे?

पार्सलमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठीही होती. काकांनी ती माझ्याकडे दिली. "तू वाच. चष्मा सापडत नाही." चष्मा डोळ्यांवरच होता. मी वाचली. कंपनी चालवणारी बाई त्या सॅक्सोफोनवाल्याची मुलगी होती. तिनं लिहिलं होतं, लहानपणी बंद दाराबाहेर बसून मी ज्यांना ऐकायचे, ते बाबा मला तुमच्यामुळे परत मिळाले.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका उठून आत गेले आणि एक जुनी कॅसेट घेऊन आले. तिच्यावरचं निळ्या शाईचं अक्षर पार पुसट झालं होतं.

"माझे वडीलही सॅक्सोफोन वाजवायचे," ते म्हणाले. "मिरजेला, वरातीच्या बँडमध्ये."

इतक्या महिन्यांच्या शेजारात हे पहिल्यांदाच कळत होतं.

"मी नवा नवा इथे आलो तेव्हा फोन परवडायचा नाही. आम्ही सगळे कॅसेटवर बोलून पाठवायचो. एकच कॅसेट. घरचे बोलणार, मी ऐकणार, मग ते पुसून त्यावरच मी बोलून परत धाडणार. एकदा बाबांनी निरोप संपल्यावर शेवटी वाजवलं. दहा मिनिटं असेल. मी ऐकलं, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कामगारांच्या कॅम्पमधला एक जण मिरजेला निघाला होता. घाईघाईत त्यावरच बोललो आणि दिली त्याच्या हातात." त्यांनी कॅसेट उलटी करून बघितली. "रिवाजच होता तो. मनात काही आलंसुद्धा नाही. दोन महिन्यांत बाबा गेले. ही कॅसेट त्यांच्या उशाशी होती."

"त्यांचं दुसरं काहीच नाही?"

"वरातीतल्या वाजंत्र्याचं कोण रेकॉर्डिंग करतं?"

मला राहवलं नाही. "आणि यात? खाली कुठे थोडंसं राहिलं असेल, बारीक?"

"तेच ऐकत आलोय इतकी वर्षं," काका म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता मीच बोलतोय. इथे सगळं ठीक आहे, बाबा, माझी काळजी करू नका."