मुक्या प्रवेशाचं राज्य कोणतं?

कलावंत मेल्यावर आपोआप अमर होतो. जिवंतपणी त्याला अमर करायचं असेल तर मात्र समिती नेमावी लागते. सर्व प्रगत समाजांचा हा अनुभव आहे आणि हैदराबादचा मराठी समाज याबाबतीत कुणाच्या मागे नाही. सन १९५६ च्या उन्हाळ्यात, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन ते तीन दिशांना जाणार असं ठरलं, तेव्हा आमच्यातल्या जाणत्या मंडळींच्या लक्षात आलं की राज्याबरोबर आणखीही बरंच काही जाईल. म्हणून राज्य आहे तोवर जयवंताबाईंवर एक अनुबोधपट काढून घ्यावा, असा ठराव नारायणगुड्यातल्या एका शाळेत, चौथीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या आमच्या सभेने एकमताने मंजूर केला. मी समितीचा चिटणीस होतो. त्यामुळे पुढील हकिकत अधिकृत समजावी.

जयवंताबाई या रंगभूमीच्या आणि पडद्याच्या थोर अभिनेत्री. फिरत्या नाटक कंपनीबरोबर त्यांनी नांदेड, वरंगळ, रायचूर अशी सगळी मुलूखगिरी केली. कंपनीचा तंबू ज्या गावी पडे त्या गावच्या भाषेत बाई बोलत, रडत आणि टाळ्या घेत. पुढे त्या मुंबईला जाऊन सिनेमात चमकल्या. आधी मूकपटात, मग बोलपटात. त्यांचा एकही सिनेमा आज शिल्लक नाही, याचं कारण कुणाचाही निष्काळजीपणा नसून उद्योगधंद्यांची वाढ हे आहे. जुन्या फिल्मवरून चांदी खरवडून घेता येते आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या होतात, हा शोध व्यापाऱ्यांना लागला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपल्यात म्हणतात. बाईंच्या बाबतीत आरसाच वितळवून कांकणं केली, आणि ती बाजारात बरी खपली. (आमच्या घरीही दोन जोड आहेत. रंग अजून गेलेला नाही.)

आता सत्तरीच्या बाई गौलीगुड्यात, बस अड्ड्यामागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. समितीचे अध्यक्ष एकनाथराव वकील मला घेऊन त्यांच्याकडे गेले आणि अनुबोधपटाची कल्पना त्यांनी बाईंना सविस्तर समजावून सांगितली. बाईंनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली.

"वकीलसाब, माझं सुपाचं सीन तेवढं घ्या. बाकी काय बी नक्को."

सुपाचा प्रवेश हे बाईंचं सर्वात गाजलेलं काम. एक बाई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसलेली असते. एक माणूस येतो आणि तिच्या लढाईवर गेलेल्या मुलाचं पागोटं मुकाट्याने तिच्यापुढे ठेवून निघून जातो. बाई उठत नाही. बस, एवढंच. नाटकातला हा प्रवेश संपूर्ण मुका होता. यानंतर बाई काय करीत, त्यावर म्हणे अख्खा तंबू थिजून जाई. त्या नेमकं काय करीत यावर समितीत पुष्कळ चर्चा झाली. कुणी म्हणे त्या हसत, कुणी म्हणे खडा उचलून तोंडात टाकीत, कुणी म्हणे त्या काहीच करीत नसत आणि तेच भयंकर होतं. समितीने केलेल्या पाहणीत असं दिसून आलं की, बाईंचा हा प्रवेश प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नव्हता आणि उरलेले निम्मे पाठीमागे बसले होते.

"दुसरं काय नाही," बाई म्हणाल्या, "सिनेमे तर गेले. हे तेवढं अंगात हाय. मी गेले की हे बी जातंय. कुणी तर बघून ठेवा."

एकनाथरावांनी शब्द दिला. वकिलाने दिलेला शब्द होता, तेव्हा तो नोंदवून घेण्याची गरज मला वाटली नाही.

सरकारकडून कोऱ्या फिल्मचा परवाना मिळाला, पण एका अटीवर. बाई साऱ्या राज्याच्या होत्या, तेव्हा राज्यातल्या सगळ्या भाषांना अनुबोधपटात न्याय मिळावा. अट रास्तच होती. समितीत तेलुगू भाषकांतर्फे रामय्यागारू, कन्नडतर्फे बसप्पा आणि उर्दूतर्फे मीरसाहेब आले. शिरगणतीचे आकडे समोर ठेवून फिल्मची वाटणी झाली. निम्मी तेलुगूला, पाव मराठीला आणि राहिलेली कन्नड-उर्दूला. मुंबईहून आवाज धरायचं यंत्रही भाड्याने आणलं.

आधी घोडं अडलं ते बाईंच्या जन्मस्थानावर. ज्या राज्यात जन्मगाव जाईल त्या राज्याच्या बाई, असं सूत्र ठरलं होतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कंपनीच्या बैलगाडीत जलमले. गाडी चालूच होती. गाव कोणचं ते बैलाला ठाव." बैल हयात नसल्याने सीमेचा हा प्रश्न खुला ठेवावा, असं ठरलं. पुढच्या काळात देशात असे अनेक प्रश्न खुले राहिले. सुरुवात आमच्या समितीने केली, याची कुठे नोंद नाही.

खरा पेच पुढेच होता. सुपाचा प्रवेश कुठल्या वाट्यातून घ्यायचा? रामय्यागारूंनी शांतपणे विचारलं, "त्यात तेलुगू आहे का?" नव्हतं. मग तेलुगूच्या फिल्मवर तो घेणं म्हणजे तेलुगूवर अन्याय. बसप्पा म्हणाले, कन्नडचा वाटा आधीच तुटपुंजा, त्यात एकही कन्नड शब्द नसलेला प्रवेश बसवणार कसा. मीरसाहेबांनी "खामोशी की भी अपनी जुबान होती है" असं फार सुंदर वाक्य म्हटलं आणि मग ती जुबान उर्दू नसल्याचं दिलगिरीने मान्य केलं. राहिले आम्ही मराठी. आमच्या बाजूने सांगायचं तर आम्ही तो प्रवेश आनंदाने घेतला असता. पण मराठी वाट्यात बोलणारे आधीच इतके झाले होते की तिथे गप्प बसणाऱ्याला जागाच नव्हती. शिवाय हिशेबतपासनिसाने मुद्दा काढला की आवाजाच्या यंत्राचं भाडं चालू असताना त्याच्यापुढे गप्प बसणं हा सार्वजनिक निधीचा अपव्यय होईल. अखेर असं ठरलं की मुका प्रवेश कोणत्याच भाषेचा नसल्यामुळे तो तूर्त कोणत्याच राज्याचा नाही, आणि सगळ्या वाट्यांतून जी फिल्म उरेल तिच्यावर तो घ्यावा. हा तोडगा मीच सुचवला होता.

आपल्या लोकांची एक रीत आहे. पत्रिकेत ज्याचं नाव छापलं, त्याला चार शब्द बोलू द्यावेच लागतात. नाही तर तो पुढची दहा वर्षं चारशे शब्द बोलतो. अनुबोधपटाची रूपरेषा आम्ही या रीतीला धरूनच आखली. ईशस्तवन, स्वागत, प्रास्ताविक, अध्यक्षांची सूचना, सूचनेला अनुमोदन, बाईंचा परिचय, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगतं, समारोप, सुपाचा प्रवेश आणि आभार. सिनेमाचं तंत्र निराळं असतं असं कॅमेरावाला सूर्यभान मधून मधून म्हणे. पण तो वयाने लहान होता.

चित्रीकरण बाईंच्याच अंगणात झालं. बाई सकाळपासून नऊवारी नेसून, कुंकू लावून, सूप घेऊन तयार होत्या. पागोटं आणून ठेवायला शेजारच्या कोंडाबाईंच्या नवऱ्याला, अंबाजीला, सांगून ठेवलं होतं. तोही बिचारा दाढी करून, पागोटं छातीशी धरून दाराबाहेर उभा होता. आम्ही पुढच्या खोलीत भाषणांचा क्रम लावत होतो, तेवढ्यात बाईंनी कॅमेऱ्याचा अंदाज यावा म्हणून तो प्रवेश एकदा सूर्यभानला करून दाखवला. आम्हाला काही दिसलं नाही, बाईंची पाठ आमच्याकडे होती. पण सूर्यभान आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. (भिंगाला फार वेळ डोळा लावल्याने असं होतं.)

"एकनाथराव," तो म्हणाला, "पहिले हे घेऊ. बाकीचं नंतर होईल ना साब."

एकनाथरावांनी त्याला प्रेमाने समजावलं की, स्वागताच्या आधी सत्कारमूर्तीला काम करायला लावणं हा तिचा अपमान होतो. बाईंचा अपमान व्हावा असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं.

नमनाला घडाभर तेल ही म्हण आमच्या शत्रूंनी काढलेली आहे. नमन सर्वांना आवडलं. रामय्यागारू तेलुगूत बाईंच्या वाणीबद्दल बोलले, बसप्पा कन्नडमध्ये वाणीबद्दलच बोलले, मीरसाहेबांनी चार शेर म्हटले आणि स्वतःच दाद दिली. शाल-श्रीफळाच्या वेळी बाईंना बोलावलं. श्रीफळ देणारे नीट दिसावेत म्हणून बाईंना कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं. मग एकनाथराव उभे राहिले आणि 'अभिनयातील मौनाचं महत्त्व' या विषयावर जे बोलले, ते मी जन्मात विसरणार नाही. मौन सोनं असतं, मौन म्हणजे समाधी, मौनाचे सात प्रकार आणि प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणं. चौथ्या प्रकारावर मला गहिवरून आलं. सूर्यभान बोटांनी काहीतरी खुणा करत होता, पण मौनावर बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचं कसं, हे कुणालाच सुचलं नाही. समारोपानंतर, सुपाचा प्रवेश कदाचित लांबेल म्हणून, आभार आधी उरकून घ्यावेत असं ठरलं. ते मी मानले. मी अंबाजीचेही नावानिशी आभार मानत होतो तेव्हा फिल्म संपली.

बाईंनी हे ऐकलं. मग "हौ का" म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. दिवसभर त्या त्याच तांदळावरून बोटं फिरवत बसल्या होत्या, तेव्हा निवडलेला तांदूळ वाया का घालवायचा म्हणून त्यांनी भात टाकला आणि आम्हा सर्वांना कढी-भात वाढला. भातात एकही खडा लागला नाही, असं रामय्यागारूंनी आवर्जून सांगितलं. अंबाजी पागोटं मांडीवर घेऊनच जेवला.

राज्याच्या अखेरच्या संध्याकाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेला, चिक्कडपल्लीतल्या एका सभागृहात अनुबोधपट दाखवला गेला. सभागृह तुडुंब भरलं होतं, कारण त्यात बोललेल्या प्रत्येकाने आपलं कुटुंब आणलं होतं. ज्याचा त्याचा चेहरा पडद्यावर आला की त्या त्या कोपऱ्यातून टाळ्या पडत. बाई पहिल्या रांगेत होत्या. पडद्यावर त्यांची पाठ आणि नारळ घेणारा उजवा हात असं मिळून बरंच दर्शन झालं. हा हात मराठी वाट्यात आला, हे आमच्या चिकाटीचं फळ होय.

दिवे लागल्यावर एकनाथराव बाईंपाशी गेले. मी होतोच.

"चांगला झालाय सिनेमा," बाई म्हणाल्या. "सगळे लोकां दिसले."

"तुमच्यावरच आहे, बाई."

"हौ. म्हणाले की सगळे." मग पदर सावरत त्या म्हणाल्या, "वकीलसाब, कुठं थोडी फिल्म उरली सुरली असंल तर बघा. मला काय, बसूनच तर करायचं हाय. सूप बी घरचंच हाय."

"नव्या सरकारकडे अर्ज करू," एकनाथराव म्हणाले.

"कोणच्या?"

यावर एकनाथरावांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्न धोरणात्मक होता आणि बाहेर रिक्षा उभी होती. बाई कोंडाबाईंचा हात धरून पायऱ्या उतरल्या.

घरी आल्यावर माझ्या पत्नीने, पद्मावतीने, विचारलं, "पागोटं ठेवल्यावर मग त्या काय करायच्या हो?" मी तिला म्हटलं, अभिनय करायच्या. ती माझ्याकडे बघत राहिली आणि ताट वाढायला गेली. बायकांना तांत्रिक बाबी पटकन कळत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. अनुबोधपटाचे भाषेप्रमाणे तुकडे होऊन तेलुगू इथे राहिला, कन्नड म्हैसूरकडे गेला, मराठी मुंबईला, आणि उर्दू मीरसाहेबांच्या माडीवर आहे. आमच्या वाट्याची एक प्रत आम्ही मागून आणली आहे आणि दरवर्षी बाईंच्या पुण्यतिथीला ती दाखवतो. लोकांचे डोळे भरून येतात. गेल्या वर्षी एक तरुण प्राध्यापक मला येऊन म्हणाले, "काय अभिनय होता हो बाईंचा!" सूर्यभान शेजारीच उभा होता. तो बाहेर निघून गेला. कलावंतांना दुसऱ्याचं कौतुक सहन होत नाही, त्याला इलाज नाही.

तरीही समितीने बाईंवर अन्याय केला, असं म्हणणारे काही लोक आहेत. कदाचित, वाचकहो, तुम्हीही त्यांच्यात असाल. मग एक सांगा. जयवंताबाई फार थोर अभिनेत्री होत्या, हे एव्हाना तुम्हाला पटलेलं आहे ना? तुम्ही त्यांचं एकही काम पाहिलेलं नाही. मी सांगितलं आणि तुम्ही मान डोलावली. आम्हाला निदान त्यासाठी चार भाषांची फिल्म खर्ची घालावी लागली. तुमचं एवढ्यावरच भागलं.