हसनमामांची तार

हसनमामा मुलाण्यांच्या घरी जायचं तर पक्कड लागते. फाटकाची कडी ते नुसती लावत नाहीत. लावल्यावर तिच्यातून बारीक तार ओवतात, तारेला पीळ देतात आणि मगच निवांत चहाला बसतात. पाहुणा आला की खिडकीतून पक्कड बाहेर येते आणि पाठोपाठ आवाज येतो, "गुरुजी, तुमच्या हातानं उघडा. आन् तार फेकू नका, आत घेऊन या." मी दौंडला त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मला वाटलं, या घरात कधीतरी मोठी चोरी झालेली असणार. पुढे कळलं की त्या घरात चोरानं न्यावं असं काही नव्हतंच.

चोराचं मामांना काही वाटत नाही. त्यांचा जीव अडकलेला असतो तो पिनेत. "पिन सुटत न्हाई, पिन फिरती," हे त्यांचं पालुपद. "रोज एवढीशी फिरती. कुणाचं ध्यान नसतंय. आन् एक दिस निघाली की लोक म्हणत्यात, अचानक निघाली."

हे खूळ त्यांनी मुंबईहून आणलं. मामा मूळचे शिरूर तालुक्यातले, घोडनदीच्या काठी इनामगावचे. तरुणपणी मुंबईला गेले आणि एका बोट क्लबात शिडाच्या बोटी दुरुस्त करायच्या कामाला लागले ते म्हातारे होईपर्यंत तिथेच राहिले. शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी राहते ती तीन बाजूंनी ताणलेल्या पोलादी दोरांवर. हे दोर बोटीला जोडलेले असतात शॅकलनं. शॅकल म्हणजे नालासारखी वाकवलेली लोखंडी कडी, तोंडाशी आट्यांची पिन घालून बंद केलेली. वाऱ्यानं दोर थरथरतात, दोरांबरोबर पिना थरथरतात आणि फिरू लागतात. म्हणून पिनेच्या डोक्याला जे भोक असतं त्यातून तार ओवायची, कडीभोवती फिरवायची, पीळ द्यायचा, आणि तारेची टोकं आत वळवून दाबून टाकायची. या शेवटच्या गोष्टीबद्दल मामा फार कडक आहेत. टोक बाहेर ठेवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या बोटाची किंमत नसते, असं त्यांचं मत आहे.

बोटीपुरतं हे शहाणपण झालं. पण मामांनी ते अख्ख्या दौंडाला लागू केलं. माझ्या स्कूटरच्या आरशांना तार आहे. आमच्या शाळेच्या घंटेला आहे. घरच्या कुकरच्या कानाला ती लागली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मला शेजार बदलायला सांगितलं होतं. उसाच्या दिवसांत मामा तार घेऊन रस्त्यावर उभे राहायचे आणि ट्रॅक्टर थांबवून त्याला ट्रॉली जोडणाऱ्या खिट्टीला तार बांधायचे. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कालवा, वरून ड्रायव्हर हात जोडतोय, "मामा, सोडा की आता, कारखान्यावर नंबर जाईल माझा." मामा खालूनच उत्तर द्यायचे, "नंबर परत लागंल. मागच्या मोटरसायकलवाल्यावर ट्रॉली गेली तर तो परत येनार हाय का?" ड्रायव्हर गुमान इंजिन बंद करायचा. मामांचं बरोबर होतं, पण मला त्या रांगेत उभं राहून शाळेला उशीर झालेला असायचा आणि अशा वेळी माणसाला खरं ऐकून घ्यायला आवडत नाही.

निवृत्त होऊन दौंडला राहायला आले तेव्हा क्लबानं मोडीत काढलेली एक छोटी शिडाची बोट मामा टेम्पोत घालून घेऊन आले आणि धरणामुळे तुंबलेल्या भीमेच्या फुगवट्यावर सोडली. दौंडात शिडाची बोट! लोक हसले. मासेमारी करणारे भोई तर पोट धरून हसले. त्यांच्या होड्या वल्ह्यांवर चालतात, कुणाकुणाला इंजिन आहे. वाऱ्याची वाट बघत बसायला वेळ कुणाला?

तो वेळ खैरूनमामींना होता. मामी म्हणजे हसनमामांच्या पत्नी, आणि त्यांच्या तारेच्या पहिल्या शत्रू. "माझ्या बांगड्यांना तेवढी तार घालायची राहिली हाय ह्यांची," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पण मामांची बोट निघाली की डबा घेऊन पहिल्या बसायच्या त्याच. मी विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांच्यावर नजर ठेवायला जाते, भाऊ. न्हाईतर नदीला बी तार बांधून येतील." मीही कधीमधी जायचो. मामा सुकाणूवर, मामी पुढं, शीड फुगलेलं, आणि दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. एवढी सुखी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मामा रडताना कुणाला दिसले नाहीत. फाटकाची तार मात्र रोज लागत राहिली, आणि माझ्या मनात आलं की आता आत बसून चहा पिणारं माणूस एकच आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी पुन्हा बोट काढली. मला म्हणाले, "चला गुरुजी, लई दिस उभी हाय." वारा बरा होता. आम्ही काठापासून बरंच आत गेलो आणि काहीतरी टणकन वाजलं. डाव्या अंगाचा दोर सुटून फटकारा मारत वर गेला, डोलकाठी कलली आणि शीड पाण्यात पडलं. आम्ही दोघंही धड राहिलो. हसणाऱ्या भोयांनीच होडीला बांधून आम्हाला काठाला आणलं, आणि त्या दिवशी त्यांच्यातलं कुणी हसलं नाही.

मामा काठावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिले. "मीच बांधली होती," एवढंच म्हणाले.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून केव्हाच सांगितलं होतं. आता तरी करून घ्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "कशाला? बघायचं काय राहिलंय? बोट विकतो. कुणाचा तरी जीव घेऊन बसंन."

काठाला डोलकाठी पुन्हा उभी करून त्यांनी निघालेला दोर बांधून ठेवला, आणि गिऱ्हाईक लवकरच मिळालं. शिरूरकडे घोडच्या काठी पोपटराव कोळप्यांचं पर्यटन केंद्र आहे. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेलं घर; आता बागायत, चार खोल्या आणि पुण्याची पाहुणेमंडळी. माणूस सरळ. त्यानं आधीच सांगून टाकलं, "मामा, खोटं न्हाई बोलत. पान्यात न्हाई सोडायचो. फाटकापाशी उभी करणार, लायटिंग करणार. लोक फोटो काढतील." मला वाटलं, मामा उठून जातील. ते म्हणाले, "बरं हाय. उभ्या बोटीची पिन फिरत न्हाई." मला ते ऐकून फार वाईट वाटलं. पण बोट त्यांची होती.

ठरल्या दिवशी सकाळी टेम्पो काठाला लागला. डोलकाठी उतरवल्याशिवाय बोट टेम्पोत मावणार नव्हती. दोन गड्यांनी डोलकाठी धरली आणि मामांनी पक्कड घेतली. तार कापायला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बोटांनी चाचपत त्यांनी डावा दोर सोडला, मग उजवा. मग पुढच्या शॅकलपाशी वाकले आणि तिथेच थांबले. अंगठा तारेवरून फिरत होता.

"गुरुजी, जरा बघता का? हा पीळ कुठल्या अंगाला हाय?"

मी वाकून बघितलं. "डावीकडं."

"आन् ह्यो?" त्यांनी आत्ताच कापलेला तुकडा पुढं केला.

"हा उजवीकडं."

मामांनी मान हलवली आणि बोटीतच बसले. पोपटरावांना वाटलं, हात चालत नसेल. ते म्हणाले, "मामा, माझा गडी तोडतो की. कटर हाय. दोन मिनिटांचं काम."

"पोपटराव, राग मानू नका. बोट द्यायची न्हाई."

पोपटरावांना राग आलाच. शिरूरहून भरपहाटे टेम्पो घेऊन निघालेल्या माणसाला तो येणारच. ते बडबडत टेम्पोपाशी गेले, गड्यांनी दोन्ही दोर तात्पुरते बांधून डोलकाठी जागेवर ठेवली. मामांनी कुणाकडे बघितलं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो तेव्हा ते हळूच बोलले.

"ती डावखुरी होती."

भाकरी थापताना, पाणी देताना मामींचा डावा हात पुढं यायचा, ते मला आठवलं.

"लई दिस झाले गुरुजी, मला ह्या पिनेचं भोक दिसतच न्हाई. मी आपला अंदाजानं बांधायचो. ढिलं राहायचं. मी घराकडं निघालो की ती बोटीपाशी मागं राहायची, माझी तार काढायची आन् नवी घालायची. मला तवाच कळलं ते बोटाला. पीळ उलटा लागला."

"तुम्ही बोलला नाहीत त्यांना?"

"न्हाई. तिला वाटायचं, मला ठावं न्हाई. म्हटलं, वाटू दे. मला वाईट वाटू नये म्हणून लपूनछपून करत होती, ते कशाला उघडं पाडू?" मामांनी बाजूच्या दोरांकडे हात केला. "ती गेल्यावर बाजूच्या दोन्ही पिनांच्या तारा मी काढून परत बांधल्या. त्यातलीच एक निघाली. पुढचीला हात लावला नव्हता. एवढी एकच राहिली बघा तिच्या हातची."

मी त्या तारेवरून बोट फिरवलं. टोकं आत वळवून नीट दाबलेली होती. कुठंही टोचलं नाही. डोळ्यांना पाणी आलं ते मी पुसलंही नाही. मामांना तसंही दिसत नव्हतं.

टेम्पो निघून गेला. मामा म्हणाले, "त्या डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी हाय का तुमच्याकडं? नसली तर नुसतं दवाखान्याचं नाव सांगा."

"करून घेताय ऑपरेशन?" मला आनंद झाला. "म्हणजे बोट पुन्हा निघणार."

"बोटीचं बघू मग." त्यांचा अंगठा अजून तारेवरच होता. "तिचं हे काम मी हातानंच बघितलंय, गुरुजी. डोळ्यानं एकदा बी बघितलं न्हाई."

त्याच आठवड्यात मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो.