माशांचा पंचनामा

तीस वर्षं एसटी चालवताना डोळे उघडे ठेवायची सक्ती होती. त्याचं उट्टं गहिनीनाथ निवृत्तीनंतर काढत होते. दुपारचं जेवण झालं की गच्चीवरच्या दोन मधपेट्यांशेजारी खुर्ची टाकायची आणि डोळे मिटायचे. मग माशांची गुणगुण, खालच्या कडुनिंबाच्या फुलांचा वास आणि पायांवरचं ऊन, सगळं मिळून त्यांना हळूहळू राजूरच्या डोंगरात घेऊन जाई. तिथूनच तीन वर्षांपूर्वी त्यांनी पहिली पेटी मांडीवर घेऊन आणली होती, आणि वाटेत एकदाही पाय हलवला नव्हता.

नगरपंचायतीची नोटीस आली तीही अशाच वेळी. चांगुणाबाईंनी ती वर आणून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, आणि तासाभराने जागे झाल्यावर त्यांनी वाचली. लोकवस्तीत मधमाशा पाळायच्या तर आता परवाना लागणार होता. त्यासाठी शेजाऱ्याची नाहरकत हवी आणि प्राण्यांचा पंचनामा हवा. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर पेट्या वस्तीबाहेर. पेट्या गेल्या तर दुपारचं काय करायचं, हा प्रश्न गहिनीनाथांना पहिल्यांदाच पडला.

तक्रार शेजारच्या लंकाबाईंची होती, आणि अगदीच खोटी नव्हती. माशा उडता उडता घाण करतात आणि तिचे पिवळे ठिपके लंकाबाईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पडत. नाहरकतीचं नाव काढताच त्यांनी दोन चादरी आणून दाखवल्या आणि दार लावून घेतलं.

नियम नवा होता आणि त्याचा अर्ज अजून छापून आलेला नव्हता, म्हणून नगरपंचायतीतल्या रुपालीने कुत्र्यांचा अर्ज पुढे केला. गहिनीनाथांनी रंगापुढे ‘काळसर पिवळा’ लिहिलं, गळ्यातल्या बिल्ल्यापुढे रेघ मारली आणि संख्येपुढे ‘अंदाजे वीस हजार’ लिहिलं.

“काका, अंदाजे चालत नाही,” रुपाली म्हणाली. “पंचनाम्यात हजर प्राणी मोजून लिहावे लागतात.”

“समद्या हजर दिवस बुडाल्यावरच आसत्यात.”

“तेव्हा ऑफिस बंद असतं.”

शेवटी शुक्रवारी दुपारी रुपाली दोन पंच घेऊन गच्चीवर आली. एका पंचाने पेटीतून बाहेर पडणाऱ्या माशा मोजायच्या, दुसऱ्याने आत येणाऱ्या, असं ठरलं. शंभराच्या पुढे दोघांचंही चुकलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चांगुणाबाईंनी सगळ्यांना तांब्याभर ताक दिलं. साठाच्या आसपास पहिला पंच भिंतीला टेकला, चाळिसाला दुसऱ्याची मान कलली आणि रुपालीने फक्त डोळ्यांना आराम म्हणून फाइलीवर डोकं ठेवलं. त्यांचा काही दोष नव्हता. त्या गच्चीचा गुणच तसा होता.

“अवो, उठा,” जिन्यातून चांगुणाबाईंचा आवाज आला. “माशा चालल्या.”

चौघांनी डोळे उघडले तर वर सगळं आभाळ गोल फिरत होतं. पेटीत नवी राणी तयार झाली की जुनी निम्म्या माशा घेऊन बाहेर पडते, तशी एका पेटीतली राणी निघाली होती. हजारो माशा उन्हात चमकत, एका लयीत घुमत होत्या आणि कुणालाही घाबरावंसं वाटलं नाही, कारण अजून स्वप्नच चालू आहे असा प्रत्येकाचा समज होता. मग तो सगळा घोळका हळूच खाली उतरला आणि लंकाबाईंच्या अंगणातल्या शेवग्याला घागरीएवढा होऊन लटकला. रुपालीने शांतपणे लिहिलं, ‘पंचांसमक्ष निम्मे प्राणी शेजारी गेले.’

गहिनीनाथ एक जादा रिकामी पेटी घेऊन धावले. मागोमाग पंच आणि रुपालीही उतरली. आता लंकाबाई आकाशपाताळ एक करणार, अशी सगळ्यांची खात्री होती. पण लंकाबाई डोक्यावर पदर घेऊन, हळदीकुंकवाची कोयरी हातात धरून शेवग्यासमोर उभ्या होत्या. दुसऱ्याच्या माशा वेगळ्या. शुक्रवारी आपणहून दारात आलेल्या माशा म्हणजे साक्षात लक्ष्मी, आणि तिला हाकलायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

“वहिनी, जरा बाजूला व्हा. माझ्या माशा घेऊन जातो.”

“तुमच्या कशा? आपल्या मर्जीनं आल्यात त्या.”

“मग मावशी, परवाना तुम्हालाही लागेल,” रुपालीने जांभई आवरत सांगितलं. “शेजाऱ्याची नाहरकत घ्या.”

सगळे गहिनीनाथांकडे बघायला लागले. त्या घोळक्यात राजूरहून आणलेली राणी होती. त्यांना वाईट वाटलं आणि रागही आला. तीन उन्हाळे साखरेचं पाणी पाजलं आणि जाताना ही बया अंगणापलीकडे जाऊन बसली. पण तिला जागा आवडलेली दिसत होती. त्यांनी घोळका अलगद पेटीत उतरवला, पेटी शेवग्याखाली ठेवली आणि लंकाबाईंच्या कागदावर सही केली. मग आपला कागद पुढे केला.

लंकाबाईंनी तो बराच वेळ वाचला. “आता अवघड हाय, भाऊ. तुमच्या माशांचा माझ्या माशांना जाच व्हायचा.”

गहिनीनाथांनी वाद घातला नाही. कागदाची घडी करत त्यांनी विचारलं, “मग दर आठ दिवसांनी पेटी कोन उघडनार?”

“उघडाया लागती?”

“मुंग्या, मेणकिडा बघाया लागतो. न्हाईतर त्या घर सोडून जात्यात.”

“तुमी हाय की.”

“माझ्या पेट्या गावाभाईर गेल्यावर मी बी दिवसभर तिकडंच.”

लंकाबाईंनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. घरात आलेली लक्ष्मी परत घालवण्याच्या पापाचा धनी कोण होणार? त्यांनी सही केली, आणि कमी पडू नये म्हणून खाली आणखी एक केली.

पंचनाम्यात रुपालीने शेवटी ‘अंदाजे’च ठेवलं, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत दोन्ही घरांचे परवाने आले. गहिनीनाथांनी लंकाबाईंची पेटी उघडली आणि एक चौकट अलगद वर उचलली. लंकाबाई तोंडावर पदर धरून मागे उभ्या होत्या.

“राणी कंची?” त्यांनी हळूच विचारलं.

गहिनीनाथांनी बोटाने दाखवली. तीच लांब, संथ चाल. त्यांनी कुठूनही ओळखली असती. लंकाबाई कितीतरी वेळ टक लावून बघत राहिल्या.

“आमच्याकडं आल्यापासून,” त्या समाधानाने म्हणाल्या, “अंगानं भरली हाय.”

गहिनीनाथांनी चौकट जपून खाली ठेवली आणि म्हणाले, “व्हय.”